रस्सीखेचीचा दोर

माणसाला परका कितव्या वर्षी कळतो? डोरिस ट्विचेल ॲलन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर दिलं, आणि त्या आकड्यावर जगभर पसरलेली एक संस्था उभी राहिली. आकडा होता अकरा. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धाचा उगम माणसांच्या मनात असतो, तेव्हा शांततेची राखणही मनातच करायला हवी, असं युनेस्कोच्या घटनेच्या प्रास्ताविकात १९४५ साली लिहिलं गेलं होतं. विद्वान मंडळी प्रौढांसाठी आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्था काढण्याचा विचार मांडत होती. ॲलनबाईंचं म्हणणं असं, की प्रौढांपाशी पोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो. सुरुवात मुलांपासून करावी. अकरा वर्षांच्या मुलाच्या अंगात घराचं, भाषेचं, देशाचं वळण मुरलेलं असतं, पण दुसऱ्याबद्दलची अढी त्याच्या मनात अजून पक्की बसलेली नसते. १९५१ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराजवळ त्यांनी अशा मुलांचं पहिलं उन्हाळी गाव वसवलं. ‘चिल्ड्रन्स इंटरनॅशनल समर व्हिलेजेस’ हे त्या उपक्रमाचं नाव; आता तो सीआयएसव्ही म्हणून ओळखला जातो. भारतातही मुंबईसारख्या शहरांत त्याच्या शाखा आहेत.

या गावाची रीत साधी आहे. प्रत्येक देशातून चार मुलं, दोन मुलगे आणि दोन मुली, सोबत एक मोठं माणूस. असे दहा-बारा देश. मुक्काम सुमारे चार आठवड्यांचा. दिवसाच्या सुरुवातीला सगळे झेंड्याभोवती जमतात. झाडलोट आणि जेवणाची मांडामांड गटागटांनी वाटून घेतलेली असते. एकेका रात्री एकेका देशाकडे यजमानपण : त्यांचे पदार्थ, त्यांची गाणी, त्यांचे कपडे. मधले एक-दोन शनिवार-रविवार मुलं त्या शहरातल्या अनोळखी कुटुंबात राहतात. सोळा-सतरा वर्षांचे ताई-दादा मदतीला असतात. पहिल्या आठवड्यात घरच्या आठवणीनं उशी भिजते, आणि शेवटच्या दिवशी निघताना त्याच उशा दुसऱ्याच कारणानं भिजतात.

असं एखादं मूल बेळगावच्या वडगावातून निघालं असं समजू.

वडगाव आता बेळगाव शहरात मिसळून गेलं आहे. शहापूर, खासबाग आणि वडगाव ही विणकरांची वस्ती. गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. गल्ल्या संपल्या की येळ्ळूरच्या दिशेनं भाताचं शिवार पसरलेलं. आषाढात मंगाई देवीची यात्रा भरते आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं लोटतात. एका घरात मराठी, शेजारी कन्नड, पुढच्या गल्लीत उर्दू, बाजारात तिन्ही. इथली अकरा वर्षांची पोर आईशी एका भाषेत भांडते आणि दुकानदाराशी दुसऱ्या भाषेत घासाघीस करते. ॲलनबाईंनी खटपट करून जे गाव चार आठवड्यांपुरतं वसवलं, ते हिच्या दाराशी बारा महिने वसलेलं आहे. नुसत्या शेजारानं परकेपणा जायचा असता, तर तो वडगावातून केव्हाच गेला असता.

तो गेलेला नाही, हे सीमाभागातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दरवर्षी १ नोव्हेंबरला याच शहरात एका बाजूला कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिवस पाळला जातो. मुलाला हे कोणी समजावून सांगत नाही. आज कोणत्या रस्त्यानं जायचं आणि कोणत्या नाही, हे आईच्या आवाजावरून त्याला कळतं. एरवी एका गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं सकाळी दहा वाजता वेगळी होतात : कोणी मराठी शाळेत, कोणी कन्नड, कोणी उर्दू, ऐपत असेल ते इंग्रजी. सहली वेगळ्या, स्नेहसंमेलनं वेगळी.

शहापूर-वडगावच्या भागात बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाचा चौक आहे. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेला हा माणूस सीमाप्रश्नाचा लोकसभेतला खणखणीत आवाज होता. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला तो बेळगावात आला आणि दुसऱ्याच दिवशी, १८ जानेवारी १९७१ ला, इथेच गेला. एवढं बेळगावच्या पुष्कळांना ठाऊक आहे. पण याच नाथ पैंनी त्याआधी समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद भूषवलं होतं. देशोदेशींच्या तरुणांना एकत्र आणणारी ती संघटना. तिचं नेतृत्व एका कोकणी-मराठी माणसाकडे होतं. सीमेसाठी लढणं आणि सीमेपलीकडच्यांशी मैत्र जोडणं ही दोन्ही कामं एका आयुष्यात मावली, ही गोष्ट त्या चौकातून रोज शाळेला जाणाऱ्या मुलांना कोणीतरी सांगायला हवी. प्रश्न आहे तो ती कशी मावतात हाच.

हा प्रश्न फार जुना आहे. बृहदारण्यक उपनिषदात एक प्रसंग येतो. आरंभी आत्मा एकटाच होता आणि त्याला भीती वाटली. मग त्यानं विचार केला, की माझ्याशिवाय दुसरं कोणी नाहीच, तर भ्यायचं कोणाला? भीती गेली. तिथे काढलेला निष्कर्ष असा, की भीती दुसऱ्यापासूनच उपजते. अद्वैताची सगळी वाट या अनुभवातून पुढे जाते : दुसरेपण हा अज्ञानाचा खेळ आहे, ज्ञान झालं की ते मावळतं. आंतरराष्ट्रीय शिबिर भरवणाऱ्यांची श्रद्धा नकळत याच जातीची असते. मुलं एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून घाबरतात. ओळख करून द्या, भीती जाईल.

पण वडगावात दुसरंही एक उत्तर घरोघर नांदतं. उडुपीच्या मध्वाचार्यांनी सांगितलं, की भेद खरा आहे. ईश्वर आणि जीव यांच्यात भेद आहे, एका जीवात आणि दुसऱ्या जीवात भेद आहे, एका जड वस्तूत आणि दुसरीत भेद आहे. असे पाच भेद त्यांनी मोजले आणि ते नित्य मानले. तू तू आहेस, मी मी आहे. हे भ्रम म्हणून पुसून टाकता येणार नाही. मराठी माणूस ज्ञानेश्वरांच्या अद्वैतावर वाढतो, कर्नाटकातले हरिदास मध्वांच्या द्वैतावर. आणि तरी पुरंदरदासांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी जो मुद्रेचा देव येतो, तो विठ्ठलच आहे. ज्ञानदेवांचा जो, तोच. भेद खोटा मानणारे आणि भेद खरा मानणारे पंढरीच्या एकाच विटेपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्यातला तत्त्वज्ञानाचा वाद मिटला म्हणून ते आले नाहीत. वाद तसाच ठेवून आले. सीमाभागातल्या माणसाला यापेक्षा जवळचा दाखला मिळणार नाही.

आता मुलांच्या शिबिराकडे परत येऊ, कारण हा वाद एका शिबिरात फार विलक्षण रीतीनं तपासला गेला.

मुझफर शेरीफ हा तुर्कस्तानात जन्मलेला मानसशास्त्रज्ञ. १९१९ साली ग्रीक सैन्य इझमीरला उतरलं तेव्हा तो लहान होता. त्या दिवशी झालेली कत्तल त्यानं जवळून पाहिली आणि आपण केवळ दैवानं वाचलो हे तो विसरला नाही. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्यावर १९५४ च्या उन्हाळ्यात त्यानं ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात बावीस मुलांचं शिबिर भरवलं. मुलं अकरा वर्षांच्या आसपासची, ॲलनबाईंचाच आकडा. ती वेगवेगळ्या देशांची तर नव्हतीच, उलट मुद्दाम एकसारखी निवडलेली : सगळी गोरी, सगळी प्रॉटेस्टंट, सगळी मध्यमवर्गीय घरांतली. त्यांचे दोन गट केले आणि आठवडाभर एकमेकांच्या नजरेआड ठेवले. एका गटानं स्वतःचं नाव ठेवलं ‘रॅटलर्स’, दुसऱ्यानं ‘ईगल्स’. मग सामने सुरू झाले. बेसबॉल, रस्सीखेच, जिंकणाऱ्यांना बक्षीस, हरणाऱ्यांना काही नाही. पाहता पाहता एका गटानं दुसऱ्याचा झेंडा जाळला. रात्री एकमेकांच्या खोल्यांवर छापे पडले. शिव्या, हाणामाऱ्या. धर्म एक, भाषा एक, रंग एक, आणि तरी परका तयार झाला. भेद खरा की खोटा हा प्रश्नच बाजूला पडला. भेद नव्हता तिथे तो आठवडाभरात विणून काढता आला.

शेरीफनं मग आपल्याला अगदी ओळखीचा वाटणारा उपाय करून पाहिला : दोन्ही गटांना एकत्र आणलं. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. जेवणाच्या खोलीत मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. नुसती भेट भांडणाला नवी जागा देऊन गेली. आपल्याकडच्या कितीतरी ‘सद्भावना’ कार्यक्रमांचं असंच होतं. एका मांडवात बसवलेली माणसं हार घालून घेतात, फोटो काढतात आणि आपापल्या बाजूच्या दारानं बाहेर पडतात.

उपाय सापडला तो दुसरीकडे. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला. टाकीपासूनचा नळ तपासायला सगळ्यांनाच जावं लागलं. नंतर खाण्याचं सामान आणणारा ट्रक सुरू होईना. मुलांनी त्याला दोर बांधला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. तो दोर रस्सीखेचीचाच होता. परतीच्या प्रवासात मुलांनी एकाच बसनं जायचं ठरवलं, आणि वाटेत रॅटलर्सनी आपल्या गटाच्या बक्षिसाचे पाच डॉलर दोन्ही गटांच्या शीतपेयांवर खर्च केले. ईगल्स ईगल्सच राहिले होते, रॅटलर्स रॅटलर्सच. नावं कोणी टाकून दिली नव्हती.

या प्रयोगावर कठोर टीका झाली आहे, आणि ती योग्यच आहे. मुलांना आपण प्रयोगाचा भाग आहोत हे ठाऊक नव्हतं. भांडणं पेटावीत म्हणून मोठ्यांनी हातभार लावला होता. ऑस्ट्रेलियन लेखिका जिना पेरी यांनी २०१८ च्या पुस्तकात हे सगळं उकरून काढलं. पण त्याच शोधात आणखी एक गोष्ट उजेडात आली, जी रॉबर्स केव्हपेक्षा मोलाची वाटते. वर्षभर आधी, १९५३ मध्ये, शेरीफनं न्यूयॉर्क राज्यात असाच एक प्रयोग केला होता आणि तो फसला. फसला कारण त्या वेळी मुलांना गट पाडण्याआधी एकत्र राहू दिलं होतं, त्यांच्यात दोस्ती झाली होती. मोठ्यांनी नाना तऱ्हांनी कळ काढली, पण मुलं शत्रू व्हायला तयार होईनात. उलट त्यांना मोठ्यांचाच संशय आला. अशी मुलं प्रयोगाच्या दृष्टीनं निकामी ठरली आणि त्यांचं शिबिर गुंडाळण्यात आलं. त्या निकामी मुलांविषयी मनात फार आदर दाटून येतो.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला इथे पसायदान आठवावं. सीमाभागातल्या मराठी शाळांत ते पिढ्यानपिढ्या म्हटलं जातं, इतकं की म्हणताना अर्थाकडे लक्ष राहत नाही. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला पुरी झाली. ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा धरला, तर हे मागणं मागणारा मुलगा पंधरा वर्षांचा होता, म्हणजे आजच्या शिबिरातल्या ताई-दादांपेक्षाही लहान. आणि तो वाळीत टाकलेल्या घरचा होता. संन्याशाची पोरं म्हणून या भावंडांना समाजानं आपल्या रांगेतून बाहेर काढलं होतं. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावं लागलं, असं परंपरा सांगते. परका ठरवलं जाणं काय असतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यानं विश्वात्मक देवाकडे जिवांमधली मैत्री मागितली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मागण्यांचा क्रम पाहावा. आधी दुष्टांच्या मनातला वाकडेपणा जावा. मग त्यांची सत्कर्माची ओढ वाढावी. आणि त्यानंतर प्राणिमात्रांत परस्परांची मैत्री व्हावी. दुष्टांचा नाश त्यानं मागितला नाही, आणि मैत्री पहिल्या क्रमांकावर मागितली नाही. चांगल्या कामाची गोडी आधी, मैत्र नंतर. दोर आधी, दोस्ती नंतर.

शिवाय तो हे मागतो आहे, हेही लक्षात घ्यावं. मैत्र हा सृष्टीचा आपोआप चालणारा नियम असता, तर त्यासाठी देवापुढे हात पसरण्याची गरज नव्हती. एवढा अद्वैती मुलगा, भेद मिथ्या मानणारा, मैत्रीसाठी मात्र प्रसाद मागतो.

पुण्याहून आळंदीला, म्हणजे याच मुलाच्या समाधीकडे, जाणाऱ्या रस्त्यावर येरवड्याजवळ ‘संगम’ नावाचं आवार आहे. गर्ल गाइड आणि गर्ल स्काउट मुलींच्या जागतिक संघटनेची जगात मोजकीच केंद्रं आहेत. त्यांतलं हे एक. १९६६ साली लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते ते सुरू झालं. तेव्हापासून देशोदेशींच्या मुली तिथे येऊन राहतात आणि पुण्यातल्या सामाजिक संस्थांतून कामही करतात. नुसतं राहून, फिरून, खरेदी करून परतणं आणि कोणाच्यातरी कामाला हात लावून परतणं यांत जो फरक आहे, तो तिथल्या मुलींना कदाचित कोणी शब्दांत सांगत नसेल. हातांना तो कळतोच.

आता खरा अवघड धागा : देव. वडगावातली मुलगी परदेशी शिबिराला निघते तेव्हा आईच्या मनात पहिली भीती भाषेची नसते. ताटाची असते. पोर काय खाईल? मांस वाढतील का? उपवास मोडेल का? देवापुढे हात जोडले तर हसतील का? आणि बोलून न दाखवलेली भीती : परत येईल ती आपलीच राहील का? या भीतीला मागासलेपणा म्हणून हिणवणं फार सोपं आहे आणि फार अन्यायाचं आहे. मराठी समाजानं हीच भीती पुन्हा पुन्हा भोगली आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना चहा दिला गेला. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. एका चहावरून गावभर वादळ उठलं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तांवर थांबलं. त्याच्या सात वर्षं आधी अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी समुद्र ओलांडून गेली होती. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत तिनं लोकांना सांगितलं, की हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी नेसून तिनं तो शब्द पाळला.

बेळगावचाही याच काळातला एक प्रसंग आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात एक तरुण बंगाली संन्यासी इथे भाटे या मराठी वकिलांच्या घरी उतरला, मग हरिपद मित्र या वनाधिकाऱ्याकडे राहिला. तो पान खातो, तंबाखू मागतो, हे पाहून भाट्यांच्या घरातली मंडळी चकित झाली. कोणाकोणाच्या हातचं चालतं, असं विचारल्यावर, वेळप्रसंगी मुसलमानांच्या घरचं अन्नही आपण घेतलेलं आहे, असं त्यानं सांगितलं. वर्षभरात हाच संन्यासी शिकागोला जगातल्या धर्मांच्या परिषदेत उभा राहिला. आनंदीबाईंनी आपलं ताट जपलं आणि विवेकानंदांनी कोणाचंही ताट नाकारलं नाही. दोघंही परक्यांत गेली आणि दोघंही स्वतःला हरवून बसली नाहीत. म्हणजे ताट कसं आहे यावर गोष्ट अडत नाही. समोरच्याच्या ताटाला नाक मुरडायचं की नाही, यावर ती अडते.

शिबिरांनी देवाच्या बाबतीत दोन वाटा काढल्या आहेत. एक वाट देव दाराबाहेर ठेवायची. सीआयएसव्ही कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही. मुलाची प्रार्थना हा ज्याचा त्याचा मामला. दुसरी वाट सगळ्यांचे देव आत घ्यायचे. ही वाट आपल्या मुलखात अधिक रुजली. बंगळूरला १९२९ साली जन्मलेले एस. एन. सुब्बाराव, ज्यांना सगळा देश भाईजी म्हणे, हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलातून घडले. त्याच हर्डीकरांचे स्वयंसेवक १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात राबत होते. गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे. सुब्बारावांनी पुढे ‘राष्ट्रीय युवा योजना’ चालवली आणि अर्धशतक शिबिरं भरवली. त्यांचा नेम ठरलेला : सकाळी श्रमदान, संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थना. लहान मुलांच्या महोत्सवांत ते परगावच्या मुलांना वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या धर्माच्या कुटुंबांत राहायला पाठवत. आपल्या घरी आलेल्या परक्या पोराला नमाजाची वेळ कोणती, उपवासाचा दिवस कोणता हे त्या घरची आई विचारी, आणि तिथेच निम्मं शिबिर पार पडे. दुसरी वाट पहिलीपेक्षा अवघड आहे, गोंधळाची आहे, पण मुलाला अर्धं घरी ठेवून यावं लागत नाही. म्हणून ती बरी वाटते.

साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या स्वप्नाची मुळंही एका अर्थी अशाच सहवासात आहेत, फक्त ते शिबिर इंग्रजांनी भरवलेलं होतं. १९३० च्या सत्याग्रहात त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं. तिथे वेगवेगळ्या प्रांतांचे कैदी एका बराकीत, एकाच शिक्षेखाली, एकच काम करत होते. गुरुजी तिथे तमिळ शिकले आणि पुढे त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणलं. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. एका देवाच्या दारात सगळी माणसं समान उभी राहिली पाहिजेत, हा हट्ट आणि भारतातल्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, ही तळमळ एकाच मनातून आली होती. समान उभं राहणं नसेल तर भाषा शिकूनही मालक-नोकराचंच नातं उरतं. गॉर्डन ऑलपोर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली पूर्वग्रहांवरच्या आपल्या ग्रंथात जवळपास हेच मांडलं : भेटणाऱ्यांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, काम मिळून व्हायला हवं आणि वरच्यांची साथ हवी. गुरुजींनी तो ग्रंथ वाचण्याचा प्रश्नच नव्हता. तो निघाला तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

समानता नसलेलं शिबिर कुठवर जाऊ शकतं, याचं उदाहरण काळ्या समुद्राच्या काठावर आहे. क्रिमियातलं आर्तेक हे मुलांचं प्रचंड शिबिर सोव्हिएत सरकारनं १९२५ साली सुरू केलं. १९८३ च्या जुलैत समँथा स्मिथ ही अकरा वर्षांची अमेरिकन मुलगी तिथे राहिली. युद्ध होणार का, असं पत्र तिनं सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांना लिहिलं होतं आणि त्यांनी तिला बोलावलं होतं. रशियन मुली आपल्यासारख्याच आहेत, हे तिनं परत येऊन सांगितलं. दोन वर्षांत विमान अपघातात ती गेली. तिच्या भेटीला प्रचाराचा वास होता, असं म्हणणारे तेव्हाही होते, पण तिचा अनुभव खोटा नव्हता. त्याच आर्तेकवर २०२३ साली अमेरिकेनं निर्बंध लादले. युक्रेनमधून हलवलेल्या मुलांना तिथे ठेवून रशियाधार्जिणं वळण लावलं जातं, हा आरोप. समुद्र तोच, किनारा तोच. मुलाला मित्र भेटावा म्हणून बोलावणं आणि मूल आपल्यासारखं करून घ्यावं म्हणून नेणं यांच्यातली रेघ बाहेरून दिसत नाही. धर्माच्या नावानं भरणाऱ्या आपल्याकडच्या बालसंस्कार शिबिरांनाही, कोणत्याही धर्माच्या, हीच कसोटी लावली पाहिजे : तिथे दुसऱ्या घरचं मूल येतं का, आणि आलं तर ते दुसऱ्या घरचंच राहून परत जाऊ शकतं का?

मग परत आल्यावर काय? सगळ्यात दुखरी जागा ही आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९९३ साली ‘सीड्स ऑफ पीस’ हे शिबिर सुरू झालं. इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलं तिथे एका खोलीत झोपू लागली. २००१ पासून मुंबई आणि लाहोरची मुलंही तिथे जाऊ लागली. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा शिबिरात आलेला मोकळेपणा घरी गेल्यावर काहीसा ओसरतो, असं दिसलं. तरी ज्यांचा दुसऱ्या बाजूचा एक जरी जिवलग मित्र झाला होता, त्यांच्या मनातला बदल जास्त टिकला. सगळ्या जगावर एकदम प्रेम करायला शिकवून मूल बदलत नाही. एका नावाच्या, एका चेहऱ्याच्या मित्रामुळे बदलतं.

आणि तरीही. आसिल आस्ली हा इस्रायलमधला अरब मुलगा या शिबिराचा लाडका होता. दोन्ही बाजूंना त्याचे मित्र होते. २००० च्या ऑक्टोबरात, सतराव्या वर्षी, आपल्या गावातल्या निदर्शनांच्या वेळी तो पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. अंगात शिबिराचा हिरवा सदरा होता. मैत्रीला गोळी अडवता येत नाही, हे मान्य करूनच तिच्याबद्दल बोललं पाहिजे. मोठ्यांनी न्यायाचं काम करायचं नाही आणि मुलांना मात्र मैत्री करायला पाठवायचं, हा मुलांवर टाकलेला जुलमी भार आहे. सीमाभागालाही हे लागू आहे. न्यायालयातला दावा मुलांच्या दोस्तीनं निकाली निघणार नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही करू नये. नाथ पैंनी एका हातानं हक्क मागितला आणि दुसऱ्या हातानं जग जोडलं. दोन्ही हात त्यांना लागलेच.

सीमाभागातल्याच निपाणीत संत बाबामहाराज चव्हाणांच्या वाड्याशी जोडलेला पीर दस्तगीरसाहेबांचा उरूस भरतो. हिंदू घराण्यानं चालवलेला, हिंदू-मुसलमान दोघांनी साजरा केलेला. तिथे कोणी कोणाला ‘एकतेचं’ भाषण देत नाही. मांडव घालायचा असतो, मिरवणुकीची व्यवस्था लावायची असते, नैवेद्य करायचा असतो. कामं आहेत, म्हणून माणसं एकत्र आहेत.

वडगावातही असं काम पडून आहे. बळ्ळारी नाला गाळानं आणि जलपर्णीनं तुंबतो, आणि पावसाळ्यात त्याचं पाणी वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात शिरून भाताची रोपं कुजवतं. बेळगावचा बासमती ज्या मातीत पिकतो, तीच ही माती. पुराचं पाणी शेत मराठी माणसाचं की कन्नड माणसाचं हे विचारत नाही, आणि नुकसानभरपाईसाठी कचेरीत दोघंही एकाच रांगेत उभे असतात. नाल्याचं पात्र मोकळं करणं हे यंत्रांचं आणि सरकारचं काम आहे. मुलांना त्या घाणीत उतरवू नये. पण नाल्याची पाहणी करणं, कुठे तुंबतं त्याचा नकाशा काढणं, पाण्याच्या पातळीची नोंद ठेवणं, शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणं आणि ते सगळं तिन्ही भाषांत लिहून महापालिकेपुढे मांडणं, हे मराठी, कन्नड आणि उर्दू शाळांतली अकरा वर्षांची मुलं मिळून करू शकतात. एका भाषेच्या मुलांना ते एकट्यानं पुरं करताच येणार नाही, कारण बाजारापुरती दुसरी भाषा आली तरी तीत लिहिता येत नाही. दुपारचे डबे एकत्र उघडले जातील, तेव्हा कोणाच्या डब्यात काय आहे याची चर्चा होईल, होऊ द्यावी.

सीआयएसव्हीनंही अलीकडे हेच ओळखलं आहे. परदेशी न जाता आपल्याच वस्तीत, स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन करायचा ‘मोझेइक’ नावाचा उपक्रम तिच्या कार्यक्रमांत आहे. त्याला विमानाचं तिकीट लागत नाही, व्हिसा लागत नाही. शाळांना एप्रिल-मेमध्ये सुट्टी असते. नाला पाहायचा तर तोही पाऊस सुरू होण्यापूर्वी, याच दिवसांत पाहावा लागतो. तीन माध्यमांच्या तीन मुख्याध्यापकांनी मार्चमध्ये एकदा एकत्र बसून तारखा ठरवायला हव्यात.